पुढच्या सीटचा पट्टा

लाइट गेली ना? जाऊ द्या. तासाभरात येईल, नाहीतर सकाळी येईल. मोबाइलचे टॉर्च बंद करा आणि इकडे ओट्यावर सरकून बसा. उकाडा आहे खरा, पण आत खोलीत याहून जास्त आहे.

उद्या दुपारी नागपूरहून परदेशी पोरांची नवी बॅच येते आहे. बारा पोरंपोरी आणि त्यांच्या एक मॅडम. सहा आठवडे तुम्ही त्यांच्याबरोबर फिरणार, त्यांना धानाच्या बांध्या दाखवणार, जंगल दाखवणार, त्यांचं इंग्रजी आपल्या माणसांना आणि आपल्या माणसांचं बोलणं त्यांना समजावून देणार. पाणी उकळून द्यायचं, मच्छरदाण्या लावायच्या, हे सगळं आपल्या संस्थेच्या निकेशनं तुम्हाला सांगितलंच आहे. एक गोष्ट मात्र त्यानं नुसतीच सांगितली, कारण दिलं नाही. संस्थेच्या पांढऱ्या गाडीत ड्रायव्हरच्या बाजूच्या सीटवर कोणी बसायचं नाही. दिव्यानी, तूच विचारलंस ना, काऊन म्हणून? आणि तो उठून विहिरीकडे निघून गेला.

तो सांगणार नाही. म्हणून मी सांगतो.

निकेशला मी सहावी-सातवीला शिकवलं आहे. ज्या रात्री हे घडलं, त्याच्या दुसऱ्या संध्याकाळी तो याच ओट्यावर येऊन बसला आणि सगळं बोलला. मी त्यात पदरचं काही घालत नाही. हेडमास्तर होतो मी, मांत्रिक नव्हतो. पोरांच्या निबंधातल्या भुताखेतांवर लाल रेघा मारण्यात माझी पस्तीस वर्षं गेली. जिशान, हसू नकोस. तुझ्या बापाच्या वहीवरही मारल्या आहेत.

तर ऐका. काम अगदी साधं होतं. शेकोटीसाठी लाकूड आणायचं होतं.

दोन वर्षांमागची गोष्ट. जून महिना, तेरा तारीख, गुरुवार. आपल्या येनटोल्यात आलेली ती पहिलीच परदेशी बॅच. आठ विद्यार्थी आणि लॉरा मॅडम. पाच आठवडे झाले होते, दुसऱ्या दिवशी दुपारी ते नागपूरला जाऊन रात्रीचं विमान पकडणार होते. शेवटचे दिवस कसे असतात ते तुम्हाला कळेलच. शाळेच्या भिंतीवर गावाचा नकाशा रंगवून झाला होता. कोणी हातावर मेंदी काढून घेत होतं, कोणी बांबूची सुपं वर्तमानपत्रात गुंडाळत होतं. ज्या पोरी पहिल्या दिवशी सरड्याला पाहून किंचाळल्या होत्या त्याच आता गाव सोडायचं म्हणून डोळे पुसत होत्या. आणि त्यांना शेवटच्या रात्री शेकोटी हवी होती. जून महिन्यात, गोंडपिपरी तालुक्यात, शेकोटी! सारं गाव पोट धरून हसलं. पण पाहुण्यांचा हट्ट. निकेश म्हणाला, करू.

निकेशला आई-बाप नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे. तो दोन वर्षांचा असताना त्याला मामानं आणलं. मामा म्हणजे वारलू. बारीक, काळा, उंच माणूस. बोलणं कमी. गोंडपिपरीच्या धानाच्या मिलमध्ये पोती उचलायचा. निकेश मोठा झाला तसा त्यानं त्याला तिथल्याच शाळेत घातलं. रोज सात किलोमीटर सायकलवर न्यायचा, संध्याकाळी परत आणायचा. परतताना पोरगं मागच्या कॅरिअरवर झोपून जायचं. पडू नये म्हणून वारलू आपला दुपट्टा त्याच्या पाठीमागून घेऊन स्वतःच्या पोटाशी गाठ मारायचा. मी कितीदा पाहिलं आहे, पुढं मामा पॅडल मारतो आहे आणि मागं त्याच्या पाठीला चिकटून हे पोरगं घोरतं आहे. सावकाश चालवायचा. पोरगं जागं होऊ नये म्हणून.

आणखी एक होतं त्यांचं. मार्चमध्ये मोहाची फुलं पडायला लागली की पहिल्या दिवसाची पहिली ओंजळ निकेशची. मामा पहाटे झाडाखाली जायचा आणि टोपलीत टाकण्याआधी पहिली ओंजळ वेगळी काढून आणायचा. पोरगा मोठा झाला, नागपूरला कॉलेजात गेला, इंग्रजी फाडफाड बोलायला लागला, तरी ओंजळ चुकली नाही. त्या दिवशी तो येनटोल्यात यायचाच.

एका वर्षी नाही आला. नोकरीच्या मुलाखती होत्या. फोनवर म्हणाला, "मामा, औंदा नाई जमत. तू ठेव, मी आठ दिवसानं येतो."

त्याच पहाटे वारलू मोहाखाली गेला आणि वाघानं त्याला तिथंच धरलं. नाल्यावरच्या मोरीच्या वळणावर, रस्त्यापासून दहा पावलांवर. टोपली उपडी पडलेली होती. त्याची उजवी मूठ मिटलेली होती. आम्ही चौघांनी प्रयत्न केला, उघडली नाही. तशीच मातीत गेली.

आता आपल्याकडे वाघानं नेलेल्या माणसाचं काय करतात, ते तुम्ही लहानपणापासून करत आला आहात. त्या जागेवरून जाणारा प्रत्येक माणूस एक डहाळी तोडतो, तिथं ठेवतो आणि मागं न पाहता पुढं जातो. असा माणूस अर्ध्या कामातून उठून गेलेला असतो. त्याला आपण गेलो हेच कळत नाही. तो रस्त्यावर येऊन उभा राहतो, आणि जो जाईल त्याच्यामागं घराकडे निघतो. डहाळी ठेवली की त्याला कळतं, आपल्याला कोणीतरी पाहिलं. मग तो तिथंच बसतो. हे खरं की खोटं, मला विचारू नका. मी हेडमास्तर असतानाही ठेवत होतो.

तीन वर्षांत वारलूच्या जागेवर कमरेएवढा ढीग झाला होता. आणि रोज सकाळी सगळ्यांच्या आधीची पहिली डहाळी इंदुताईची. वारलूची बायको, निकेशची मामी. शेताकडे जाताना येनाच्या झाडाची एक डहाळी तोडायची, ठेवायची, पुढं जायची. कधी खाडा नाही.

निकेशही ठेवायचा. बॅच येईपर्यंत.

पहिल्याच दिवशी, मे महिन्यात, नागपूरहून येताना मोरीच्या वळणावर लॉरा मॅडमनी विचारलं, हा कसला ढीग? गाडीत नऊ पाहुणे. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. आणि याला लाज वाटली. शिकलेला माणूस, इंग्रजी बोलणारा, आणि आता सांगायचं की हा माझा मामा आहे, त्यानं आमच्यामागं येऊ नये म्हणून आम्ही पाला टाकतो? तो म्हणाला, "काही नाही. रस्ता साफ करताना टाकलेला कचरा आहे."

एवढंच. एक वाक्य. पण सांगून बसला ना! मग त्या गाडीतून तिथं उतरून डहाळी कशी ठेवणार? पाच आठवडे तो त्या वळणावरून दिवसातून दोनदा गेला आणि एकदाही थांबला नाही. मनात म्हणायचा, मामा, हे लोक जाऊ दे. मग येतो.

त्यात आणखी एक गोष्ट होती. लॉरा मॅडमना त्याचं काम आवडलं होतं. आपल्या विद्यापीठात वर्षभर शिकायला बोलावण्यासाठी त्या त्याच्या नावानं शिफारसपत्र लिहिणार होत्या, जाण्याआधी. त्या पत्रावर त्याचा जीव टांगलेला होता.

तर तेरा जूनची दुपार. टेसा नावाची पोरगी होती. लाल केसांची, मोठ्यानं हसणारी. ती इंदुताईकडेच राहायची, जेवायची. मामीला तिचा लळा लागला होता. टेसा आणि आणखी दोघं पोरं लाकडासाठी निकेशबरोबर गाडीत बसली. जंगलातून तोडायचं नाही, हे त्यांना पाठ होतं. मोरीचं वळण आलं आणि टेसा ओरडली, "अरे, तो कचरा! तो आहे की! लाकूडही होईल आणि रस्ताही साफ होईल."

निकेशनं गाडी थांबवली.

त्याला बोलता आलं असतं. तो मला म्हणाला, सर, फक्त एवढं म्हणायचं होतं की मी त्या दिवशी खोटं बोललो. पाच शब्द. त्यानं स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. तिघं पोरं उतरली आणि कवेत भरून भरून फांद्या मागच्या सीटमागं रचायला लागली. हसत होती बिचारी. त्यांना वाटत होतं, जाता जाता गावाचं एक काम करून जातो आहोत. शेवटी टेसानं एक डहाळी उचलून धरली. येनाची, हिरवीगार, पानं अजून ताठ. त्या सकाळची. मामीची.

"ही ओली आहे. घेऊ का?"

निकेश म्हणाला, "घे."

रात्री शाळेसमोर शेकोटी पेटली. गाव जमलं. गाणी झाली, नाच झाला, लॉरा मॅडमनी मोडक्या मराठीत सगळ्यांचे आभार मानले. इंदुताई टेसासाठी स्वतः विणलेली बांबूची छोटी टोपली घेऊन आली होती. ती अगदी पुढं, आगीजवळ बसली. निकेश तिच्यामागं उभा.

"लाकडं चांगले वाळलेले हायत रे," मामी म्हणाली. "धूर नाई का काई नाई. कुठून आनले?"

"फॉरेस्टच्या डेपोतून, मामी."

"हाव का."

एक फांदी आगीतून बाहेर सरकली होती. मामीनं हात लांब करून ती स्वतःच आत ढकलली.

निकेशला तिथून पळून जावंसं वाटलं. गेला नाही. उभा राहिला आणि पाहत राहिला. त्यानं मला सांगितलं तेव्हा तो इथं, या खांबाला टेकून, लहान पोरासारखा रडला.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, गाडीत सामान चढवणं चाललं होतं आणि इंदुताई आली. चप्पल नाही, डोक्यावर पदर नाही, हातात येनाची डहाळी तशीच. सगळ्यांसमोर तिनं निकेशचा हात धरला.

"तुया मामाची जागा साफ झाली रे. एक काडी नाई तिथी. कोनं नेलं?"

टेसा जवळ आली. तिनं मामीच्या खांद्यावर हात ठेवला आणि निकेशला विचारलं, ती काय म्हणते आहे? काय झालं तिला?

आणि हा काय म्हणाला माहीत आहे? इंग्रजीत म्हणाला, "तुम्ही जाताय म्हणून तिला वाईट वाटतं आहे. सुखरूप जा म्हणते." टेसानं मामीला मिठी मारली. तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मग निकेश मामीकडे वळून म्हणाला, "रस्त्याच्या कामावरच्या मानसायनं साफ केलं असन, मामी. मी आल्यावर पाहतो."

मामी तिथंच, गाडीच्या चाकाजवळ, खाली बसली. ओरडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली,

"आता तो कुठी बसन रे, निकेश?"

गाडी निघाली. लॉरा मॅडमनी वाटेत त्याच्या हातात एक पाकीट दिलं. शिफारसपत्र. त्यानं ते न उघडता खिशात ठेवलं.

विमानतळावर सगळ्यांना सोडून तो नागपूरहून रात्री आठला निघाला. एकटा. चंद्रपूरला अकरा वाजले. बल्लारपूर, कोठारी. गोंडपिपरी आली तेव्हा बारा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. गाव झोपलेलं. एका बंद दुकानासमोर थांबून त्यानं बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं. बाटली मागच्या सीटवर टाकली. त्याची बॅगही मागंच होती. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण मी त्याला नंतर तीन-तीनदा विचारलं. पुढच्या सीटवर काय होतं? काही नव्हतं, सर. काहीच नव्हतं.

तिथून येनटोल्याचा रस्ता. सात किलोमीटर. सायकलचा रस्ता.

ज्येष्ठातल्या अष्टमीचा चंद्र मावळायला टेकला होता. झाडांच्या मागं, पिवळा. वारा नव्हता. त्यानं ठरवलं होतं, मोरीच्या वळणावर उजवीकडे पाहायचं. डावीकडे नाही. वेग कमी करायचा नाही.

वळण आलं.

त्यानं पाहिलं नाही. पण उजेड पडतो ना… डोळ्याच्या कडेला दिसलं. नुसती माती. गोल, स्वच्छ जागा.

गाडी पुढं गेली. पन्नास पावलं. शंभर.

टिंग.

टिंग… टिंग… टिंग…

समोर काचेखाली लाल दिवा लागला. पट्टा लावलेल्या माणसाचं चित्र. तुम्ही पाहिलं आहे ते. शेजारच्या सीटवर कोणी बसलं आणि पट्टा लावला नाही, की तो आवाज येतो.

कोणी बसलं… तर.

निकेशनं समोर पाहिलं. फक्त समोर. वाटलं, वायर सैल झाली असेल. खड्ड्यानं झालं असेल. होतं असं. होतं…

टिंग. टिंग. टिंग.

मग वास आला. आधी थोडासा. मग गाडीभर. गोड, जड, डोक्यात चढणारा.

मोहाचा.

जून होता, पोरांनो. मोह संपून दीड महिना झाला होता.

त्यानं मान वळवली. अगदी थोडी. सीट रिकामी होती. वर काही नव्हतं. पण सीटची गादी… मधोमध… खाली दबलेली होती.

त्यानं ब्रेक दाबला. गाडी रस्त्याच्या मध्ये थांबली. इंजिन चालू. बाहेर रातकिड्यांचा आवाजसुद्धा नाही.

"मामा…"

काही नाही.

टिंग. टिंग. टिंग.

"मामा, मी…"

नुसता तो आवाज. एकसारखा. धीरानं.

पळून जावं असं त्याला वाटलं का? वाटलं. पण तो म्हणाला, सर, त्या क्षणी मला मामीचं बोलणं ऐकू आलं. आता तो कुठी बसन? आणि मला कळलं, तो कुठं बसला आहे ते. दुसरी जागाच आम्ही त्याला ठेवली नव्हती.

तो गाडीतून उतरला. पुढून वळसा घातला. हेडलाइटच्या उजेडात स्वतःची सावली झाडांवर मोठी होऊन गेली, ती त्यानं पाहिली. डावं दार उघडलं. डोळे मिटले. हातानं चाचपून पट्टा ओढला. आडवा नेला. खटका शोधला.

खट्.

आवाज बंद.

मग त्यानं डोळे उघडले.

पट्टा सपाट नव्हता. रिकाम्या सीटवर तो गादीला चिकटून पडायला हवा ना? तो गादीपासून वीतभर पुढं होता. ताणलेला. बारीक माणसाच्या छातीवर असावा तसा.

आणि तो हलत होता.

वर…

खाली…

वर…

हळू. झोपलेल्या माणसासारखा.

निकेश किती वेळ तिथं उभा होता, त्याला माहीत नाही. भीती होतीच. पण तो म्हणाला, भीतीपेक्षा दुसरंच काहीतरी छातीत भरून आलं. हा माणूस मला रोज बांधून घरी आणायचा. आणि मी…

त्यानं दार लावलं. अगदी हलक्या हातानं. जाग येऊ नये म्हणून.

उरलेला रस्ता त्यानं सायकलच्या वेगानं काटला.

रात्री सव्वा वाजता गाडी इंदुताईच्या दारात थांबली. ती अंगणात खाटेवर बसून होती, झोपलेली नव्हती. निकेश तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि सगळं सांगितलं. पहिल्या दिवसाचा कचरा, शेकोटी, ती हिरवी डहाळी, टेसाला सांगितलेलं खोटं, रस्त्याच्या कामाचं खोटं. खिशातलं पाकीट काढून तिच्या पायाशी ठेवलं. म्हणाला, "यासाठी, मामी. यासाठी केलं मी."

त्यानं मग गाडीतलंही सांगितलं.

मामी उठली. त्याला ओलांडून गाडीजवळ गेली. टॉर्च लावला नाही. डावं दार उघडलं आणि आत वाकून पट्ट्याचा खटका दाबला. पट्टा एरवी सर्रकन मागं जातो. तो गेला नाही. थोडा वेळ तसाच हवेत राहिला, आणि मग हळूहळू, कोणी अंग सोडवून घेत असल्यासारखा, मागं सरकला.

"उतरा जी," मामी म्हणाली. "घर आलं."

मग तिनं खाटेवरची वाकळ झटकून सारखी केली. आणि स्वतः खाटेवर बसली नाही. खाली, निकेशशेजारी येऊन बसली. निकेश म्हणाला, "आत्ताच जाऊ मामी, मोरीवर." ती म्हणाली, "उजेडू दे. थकला असन तो. दोन घडी पडू दे." तिघं तसेच बसून राहिले. तिघं म्हणतो मी. निकेशनं मला तसंच सांगितलं.

तिनं त्याला शिवी दिली नाही. मारलं नाही. पहाटे एकदाच बोलली. "मायाच हातानं जाळलं रे मी त्याले. फांदी आत ढकलली." निकेश म्हणाला, सर, त्यापेक्षा तिनं माझा गळा धरला असता तर बरं झालं असतं.

उजाडल्यावर दोघं चालत मोरीवर गेले. जाताना मामी खाटेकडे वळून म्हणाली, "चला जी." तिथं दोघांनी येनाची एकेक डहाळी ठेवली. मागं न पाहता परत आले. त्या दिवशी दुपारपर्यंत सारं गाव जाऊन आलं. मीही.

निकेशनं लॉरा मॅडमना आणि टेसाला खरं काय ते लिहून कळवलं. टेसाचं उत्तर यायला महिना लागला. दरवर्षी तेरा जूनला माझ्या नावानं एक ठेव, एवढंच तिनं लिहिलं होतं. मॅडम म्हणाल्या, पत्र मी मागं घेत नाही, तू ये. तो गेला नाही. का, ते मी विचारलं नाही. पण तेव्हापासून कोणतीही बॅच आली की तो मोरीवर गाडी थांबवतो, सगळ्यांना उतरवतो आणि म्हणतो, हा माझा मामा. उद्याही थांबवेल. तेव्हा तुम्ही इकडे तिकडे पाहू नका, डहाळी तोडा.

गाडी त्यानं चंद्रपूरला मिस्त्रीकडे नेली होती. मिस्त्रीनं सीट काढून पाहिली, वायरी तपासल्या. सगळं ठीक आहे म्हणाला. तो आवाज पुन्हा कधी आला नाही. तरी ती सीट रिकामी असते आणि तिचा पट्टा लावलेला असतो. आता कळलं ना दिव्यानी, काऊन ते?

नाही, थांबा. उठू नका. एक राहिलं.

त्या सकाळी मोरीवरून परतल्यावर निकेश गाडीचं दार लावायला गेला. डावं दार रात्रीपासून उघडंच होतं. सीटवर, जिथं गादी दबली होती तिथं, मोहाची फुलं होती. दवानं ओली, ताजी, आत्ता पडल्यासारखी. फार नव्हती. ओंजळभर.

मामीनं पाहिलं आणि म्हणाली, "तुयी हाय ते. घे."

त्यातलं एक फूल त्यानं संध्याकाळी मला आणून दिलं. ठेवा सर, म्हणाला, माझ्याच्यानं सगळी सांभाळवत नाहीत. मोहाचं फूल तुम्हाला माहीत आहे. दोन दिवसांत सुकून मनुक्यासारखं होतं, आठ दिवसांत काळं पडतं. मी ते तपकिरीच्या रिकाम्या डबीत ठेवलं. दोन वर्षं होत आली.

ही ती डबी. टॉर्च नको. दिव्यानी, हात पुढे कर. दाबू नकोस, अलगद धर.

लागलं ना हाताला?

हो. ओलंच आहे.